क्रूझचा विमा: खोलीचे पैसे वेगळे, माणसाचे वेगळे

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं नेहमीप्रमाणे थोडं आवरून इथे देतोय. बोलता बोलता भरकटलो होतो तो भाग काढलाय, मुद्दे तेच आहेत.

आजचा प्रश्न नाशिकच्या एका ताईंनी पाठवलाय. ताई, त्यांचा नवरा आणि ताईंचे आई-बाबा असे चौघं सप्टेंबरात भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर निघालेत. बार्सिलोनाहून निघायचं आणि मार्से, जेनोआ, नेपल्स, मेसिना, माल्टा करत सात रात्रींनी परत बार्सिलोनाला यायचं. आई ६४ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू. बाबा ६८ चे, त्यांना मधुमेह आहे आणि सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. विमानासकट सगळ्यांचा मिळून खर्च नऊ लाखांच्या आसपास जातोय. गेल्या वर्षी चौकशी केली तेव्हा विम्याचे ११ हजार सांगितले होते, आता १६ हजार. एजंट म्हणतो, "मॅडम, १० हजारांत व्हिसापुरती पॉलिसी बसवून देतो." ताई विचारतात, "सगळंच महागलंय. विम्यात सहा हजार वाचवले तर बिघडलं कुठे?"

प्रश्न रास्त आहे. नऊ लाख म्हणजे काही गंमत नाही, आणि एवढ्या मोठ्या बिलात कात्री लावायला सगळ्यात सोपी ओळ विम्याचीच दिसते. जेवण कमी करता येत नाही, तिकीट कमी करता येत नाही, आणि विमा तर "काही झालं तरच" लागणार. म्हणून आज एवढंच बघू: क्रूझच्या विम्यात आपण नेमकं काय विकत घेतो, आणि पैसे कमी पडत असतील तर त्यातलं काय सोडायचं, काय नाही.

महागलं काय?

आधी भाडं. क्रूझ कंपन्यांच्या 'क्लिया' या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ साली जगभरात सुमारे २.९७ कोटी लोकांनी क्रूझ केली. कोविडमध्ये हा धंदा जवळपास बंद पडला होता, आणि तरी २०२४ मध्ये आकडा सुमारे ३.४६ कोटींवर गेला. गिऱ्हाईक एवढं असल्यावर कंपन्या सवलती कशाला देतील? त्यात आपण पैसे मोजतो युरो किंवा डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की भाडं न वाढताही आपल्याला वाढलेलं दिसतं. शिवाय बंदरांचे कर आहेत. ग्रीसनं जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर ऐन हंगामात २० युरो लावले. अशा छोट्या छोट्या ओळी जमत जातात.

आता विम्याकडे या. आपल्याकडच्या परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसीचा प्रीमियम मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो: वय, किती दिवस, कुठला प्रदेश आणि विम्याची रक्कम किती. तिकिटाची किंमत त्यात सहसा नसतेच. म्हणजे केबिन दीड लाखाची घ्या नाहीतर तीन लाखांची, साध्या पॉलिसीचा प्रीमियम तोच. तो वाढतो ते बाहेरच्या दवाखान्यांचे दर वाढले म्हणून, किंवा आई-बाबा वयाच्या पुढच्या टप्प्यात गेले म्हणून.

अमेरिकेत उलट आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारे आपले लोक क्रूझसाठी जी संपूर्ण ट्रिप पॉलिसी घेतात तिचा प्रीमियम ट्रिपच्या खर्चावर आणि वयावर ठरतो. साधारण खर्चाच्या ४ ते १० टक्के. भाडं वाढलं की तिथे प्रीमियम आपोआप वाढतो.

हा फरक लक्षात ठेवा, कारण आजच्या भागाचं सगळं उत्तर त्यात आहे.

एका पॉलिसीत दोन विमे

पॉलिसीचा कागद एकच असला तरी आत दोन वेगळे विमे असतात.

पहिला विमा खोलीच्या पैशांचा. निघायच्या आधी कोणी आजारी पडलं, ट्रिप रद्द झाली, मध्येच सोडून परत यावं लागलं, तर भरलेले आणि परत न मिळणारे पैसे. यात जास्तीत जास्त नुकसान किती? तुम्ही भरलेत तेवढंच. नऊ लाख. वाईट वाटेल, दोन वर्षं कुठे जाता येणार नाही, पण आकडा आजच माहीत आहे आणि त्यापुढे तो जाणार नाही.

दुसरा विमा माणसाचा. जहाजावर किंवा परक्या बंदरात कोणाला काही झालं तर दवाखाना, ऑपरेशन, तिथून हलवणं, भारतात परत आणणं. इथे नुकसानाला वरची मर्यादाच नाही. तिकिटाची किंमत आणि हे बिल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. स्वस्तातल्या आतल्या केबिनमधल्या माणसाला आलेला हार्ट अटॅक बाल्कनीवाल्यापेक्षा स्वस्त नसतो.

आमच्या कामात सर्व्हर दोन तास बंद पडणं आणि डेटा कायमचा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. पहिल्यात सगळे शिव्या घालतात, दुसऱ्यात कंपनी बुडते. म्हणून पैसे कमी असले तर आधी बॅकअप घेतात, बाकीचं नंतर. इथेही तसंच. खोलीचे पैसे बुडाले तर मनस्ताप होतो, माणसाचं बिल आलं तर घर विकायची वेळ येऊ शकते.

जहाजावर आजारी पडणं वेगळं का असतं?

"आमची दहा लाखांची मेडिक्लेम आहे," असं बरेच जण म्हणतात. पण साधी मेडिक्लेम बहुतेक वेळा भारताच्या हद्दीतल्या उपचारांनाच लागू असते. भूमध्य समुद्रात तिचा उपयोग नाही.

मोठ्या क्रूझवर दवाखाना असतो, डॉक्टर-नर्स असतात. ईसीजी निघतो, सलाइन लागतं, प्लास्टर होतं, पेशंटला स्थिर करता येतं. पण ते हॉस्पिटल नाही. तिथे बायपास होत नाही, अँजिओप्लास्टी होत नाही. गंभीर काही असलं तर त्यांचं काम पेशंटला पुढच्या बंदरापर्यंत सांभाळून नेणं आणि तिथे उतरवणं. हेलिकॉप्टरनं उचलणं सिनेमात दिसतं तितकं सोपं नसतं. अंतर, हवामान आणि पेशंटची अवस्था बघून अगदी गरज पडली तरच ते करतात.

या दवाखान्याचं बिल डॉलर किंवा युरोत येतं आणि जहाजावरच्या तुमच्या खात्यात जातं, म्हणजे ज्या कार्डावर कॉफी आणि वाय-फाय लागतं त्यावरच. उतरायच्या आधी ते तुम्ही भरायचं आणि मग विमा कंपनीकडे मागायचं. कॅशलेस इथे सहसा नसतं. म्हणून विमा असला तरी क्रेडिट कार्डावर थोडी जागा ठेवून निघा.

खरा खर्च पुढे सुरू होतो. समजा बाबांना नेपल्सला उतरवलं. जहाज संध्याकाळी निघून जाणार, ते कोणासाठी थांबत नाही. आता नेपल्सचं हॉस्पिटल, सोबत थांबणाऱ्याचं हॉटेल, नवीन विमान तिकिटं. बाबांना बसून प्रवास जमणार नसेल तर विमानात स्ट्रेचर, ज्यासाठी अनेक सीट्स घ्याव्या लागतात, आणि सोबत डॉक्टर किंवा नर्स. आणि खासगी एअर ॲम्ब्युलन्सच लागली तर युरोपातून भारतापर्यंतचा खर्च कोटीच्या घरातही जाऊ शकतो. बोलायला नको वाटतं, पण पार्थिव परत आणायचा खर्चही याच विम्यात बसतो.

याचं नाव पॉलिसीत साधारण 'आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतर' आणि 'मायदेशी परत आणणं' असं असतं. काही पॉलिसींत हे मुख्य रकमेतच धरतात, काहींत वेगळी छोटी मर्यादा असते. सगळ्यात आधी ही ओळ वाचा.

व्हिसापुरती पॉलिसी म्हणजे काय?

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. युरोला १०० रुपये धरले तर ३० लाख. ऐकायला मोठे वाटतात. पण हा आकडा व्हिसा अधिकाऱ्याची अट पूर्ण करण्यासाठी आहे, तुमच्या बाबांची अँजिओप्लास्टी डोळ्यांसमोर ठेवून काढलेला नाही. ३० लाखांत साध्या आजारपणाचं, फ्रॅक्चरचं भागेल. आयसीयूमधले आठ-दहा दिवस आणि वर एअर ॲम्ब्युलन्स, हे त्यात भागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

एजंटची १० हजारांची पॉलिसी या अटीला धरून आहे. १६ हजारांच्या पॉलिसीत ताईंच्या कोटेशनप्रमाणे रक्कम अडीच लाख डॉलर आहे. डॉलरला ९० रुपये धरले तर सव्वादोन कोटी. म्हणजे सहा हजार जास्त देऊन संरक्षण सातपट होतंय. नऊ लाखांच्या ट्रिपमध्ये हे सहा हजार पाऊण टक्कासुद्धा नाहीत. तुमच्या कोटेशनमधले आकडे वेगळे असतील, पण हा भागाकार प्रत्येकानं करून बघावा.

प्रदेशाची ओळही तपासा. जहाज जिथे जिथे लागणार त्या सगळ्या बंदरांना पुरेल असा प्रदेश हवा. ताईंची सगळी बंदरं शेंगेनमध्ये येतात, माल्टासुद्धा. पण तुमचं जहाज तुर्कस्तानच्या कुशादासीला जाणार असेल तर फक्त शेंगेनची पॉलिसी तिथे तोकडी पडेल, आणि व्हिसाही एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा लागेल.

आई-बाबांचे जुने आजार

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि फॉर्म भरताना सगळ्यात घाईत हाच उरकला जातो.

"काही आजार आहेत का?" या रकान्यात एजंट 'नाही' लिहून मोकळा होतो, कारण 'हो' लिहिलं की प्रीमियम वाढतो किंवा मेडिकल रिपोर्ट मागतात. आता बाबांना जहाजावर छातीत दुखलं तर काय होईल? जहाजाचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार: आधी काही झालंय का? बाबा प्रामाणिकपणे सांगणार, अँजिओप्लास्टी झाली आहे. ते रिपोर्टमध्ये येणार, आणि तोच रिपोर्ट क्लेमला जोडायचा आहे. फॉर्मवर 'नाही' आणि रिपोर्टमध्ये 'हो'. मग विमा कंपनीला क्लेम नाकारायला दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

म्हणून खरं लिहा. आणि लिहिल्यावर पुढचा प्रश्न विचारा: "जुन्या आजारातून काही उद्भवलं तर किती मिळेल?" बऱ्याच पॉलिसींत उत्तर असतं, जिवावर बेतलं असेल तरच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. साठीच्या पुढच्या लोकांसाठी खोलीचं भाडं, ऑपरेशन, डॉक्टरची फी यांना वेगवेगळ्या उपमर्यादाही असू शकतात. वर मोठ्या अक्षरांत अडीच लाख डॉलर आणि आत हृदयविकाराला काही हजार डॉलर, असं निघालं तर त्या अडीच लाखांचा बाबांना उपयोग नाही. मग दोन हजार रुपये जास्त देऊन उपमर्यादा नसलेली किंवा जुन्या आजाराला जास्त रक्कम देणारी पॉलिसी घेणं शहाणपणाचं. चौघांची पॉलिसी सारखी असायला हवी असंही नाही. ताई आणि त्यांचे यजमान मधली घेऊ शकतात, आई-बाबांना चांगली घ्यावी.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी: तिकडच्या बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजाराची अट माफ होते, पण क्रूझचं पहिलं टोकन भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली तरच. म्हणून "नंतर बघू" तिथे महागात पडतं. तुमच्याकडे मेडिकेअर असलेले ज्येष्ठ असतील तर जहाज अमेरिकन बंदरात असेल किंवा बंदरापासून सहा तासांच्या आत असेल तेव्हाच जहाजावरच्या उपचारांना ते लागू होऊ शकतं. आणि भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा जहाज बहामाजला गेल्यावर चालतो का, हे लेखी विचारा.

खोलीच्या पैशांचं काय?

आता ती प्रदेशाआधी सांगितलेली गोष्ट आठवा: आपल्याकडे प्रीमियम तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. याची दुसरी बाजू अशी की ट्रिप रद्द झाल्यावर मिळणारी रक्कमही तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. अनेक पॉलिसींत ती माणशी ५०० किंवा १,००० डॉलर अशी बांधलेली असते. म्हणजे भाडं दीड लाखावरून दोन लाख झालं, तुमचा धोका वाढला, पण भरपाई आहे तिथेच. "विमा आहे ना" म्हणून निश्चिंत असणाऱ्यांना हे क्लेमच्या दिवशी कळतं.

कारणंही मर्यादित असतात. स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू, अपघात, अशी यादी असते. ऑफिसनं रजा नाकारली, मूड गेला, घरात लग्न ठरलं, यातलं काही त्यात नसतं. व्हिसा नाकारला गेला तर? साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा नाही. काही कंपन्या वेगळे पैसे घेऊन देतात. आपल्या लोकांची ट्रिप रद्द होण्याचं हे मोठं कारण असल्यामुळे ही ओळ जरूर शोधा.

जगजाहीर झालेली घटना हाही मोठा अपवाद. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' जहाज सुमारे ३,७०० माणसांसह अडकलं, ७०० हून जास्त जणांना कोविडची लागण झाली. तोवर कोविड 'माहीत असलेली घटना' झाला होता, आणि त्यानंतर पॉलिसी घेणाऱ्यांना त्या कारणासाठी पैसे मिळणं अवघड होतं. कॅरिबियनमधल्या वादळांचंही तसंच: वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी चालत नाही. आग लागल्यावर घराचा विमा मिळत नाही, तसं.

कंपनीच बंद पडली तर? मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश क्रूझेस'चं 'कर्णिका' जहाज मोठ्या थाटात सुरू झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनी बंद झाली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. पुरवठादार बुडाला तर भरपाई मिळते का, हे पॉलिसीत स्वतंत्र कलम असतं आणि साध्या पॉलिसींत ते अनेकदा नसतं.

अमेरिकेत 'कोणत्याही कारणानं रद्द करा' असं जास्तीचं कलम मिळतं. त्यात साधारण ५० ते ७५ टक्के परत येतात, पण ते टोकन भरल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं, आणि निघायच्या साधारण ४८ तास आधी रद्द करावं लागतं. प्रीमियम बराच वाढतो. क्रूझ कंपनीचा स्वतःचा प्लॅन घेतला तर अशा वेळी रोख पैशांऐवजी बऱ्याचदा पुढच्या क्रूझचं क्रेडिट मिळतं, तेही बघून घ्या.

मग खोलीच्या पैशांचं संरक्षण कसं करायचं? बरंचसं विम्याशिवाय. क्रूझ रद्द केल्यावर किती पैसे कापणार याचा तक्ता बुकिंगच्या कागदात असतो. सर्वसाधारणपणे टोकन आधी जातं, उरलेली रक्कम निघायच्या साधारण ९० दिवस आधी भरायची असते, आणि त्यानंतर कपात वाढत वाढत शेवटच्या काही आठवड्यांत १०० टक्के होते. हा तक्ता कॅलेंडरमध्ये टाका. शेवटचा मोठा हप्ता भरायच्या आदल्या आठवड्यात बाबांची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, सात दिवस समुद्रावर चालेल का? व्हिसाची तारीख त्याच्या आत बसते का पाहा. विम्यापेक्षा ही दोन कामं जास्त पैसे वाचवतील, आणि फुकट आहेत.

उरलेल्या धोक्यासाठी स्वतःला विचारा: हे पैसे पूर्ण बुडाले तर घर चालेल का? चालेल, नुसती हळहळ वाटेल, असं असेल तर मोठं रद्दीकरण कवच सोडलं तरी चालतं. पण ट्रिप कर्ज काढून किंवा बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून होत असेल तर ते कवच घ्या, नाहीतर ट्रिपच थोडी छोटी करा.

जहाज सुटलं तर

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ साओ टोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' जहाजाचे आठ प्रवासी खासगी सहलीवरून वेळेत परतले नाहीत आणि जहाज त्यांना सोडून निघून गेलं. जहाज गाठायला ते अनेक देशांतून फिरले आणि शेवटी सेनेगलला चढले. नियम साधा आहे: पुढचं बंदर तुम्ही, तुमच्या खर्चानं गाठायचं. उशीर तुमच्यामुळे झाला असेल तर विमा सहसा काही देत नाही.

विमानाला उशीर होऊन पहिल्या दिवशीच जहाज चुकलं तर मात्र 'कनेक्शन चुकणं' या कलमात काही मिळू शकतं. पण त्यापेक्षा मुंबईहून एक दिवस आधी निघून बार्सिलोनात एक रात्र काढा. एका रात्रीचं हॉटेल हाच इथला सगळ्यात स्वस्त विमा. आणि जहाजानं स्वतःच एखादं बंदर गाळलं तर? तिकिटाच्या करारात त्यांना तो हक्क असतो. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातले हल्ले सुरू झाल्यावर कित्येक क्रूझचे मार्ग बदलले. माल्टा दिसलं नाही म्हणून भरपाई मिळेल अशी आशा ठेवू नका, क्रूझसाठीचं खास कलम असेल तरच थोडं मिळतं.

क्लेमची तयारी घरातूनच

पॉलिसीवरचा मदतीचा फोन नंबर चौघांच्याही मोबाइलमध्ये आणि एका कागदावर ठेवा. जमिनीवरच्या हॉस्पिटलमध्ये भरती होताना शक्य तितक्या लवकर त्यांना कळवा. एअर ॲम्ब्युलन्स तर त्यांच्या परवानगीशिवाय ठरवूच नका, नाहीतर बिल तुमच्या गळ्यात. जहाजाच्या डॉक्टरचा रिपोर्ट, सविस्तर बिल आणि पैसे भरल्याची पावती उतरायच्या आधी हातात घ्या, कारण नंतर ईमेलवर मागत बसणं त्रासाचं होतं. बाबांच्या अँजिओप्लास्टीची फाइल आणि औषधांची चिठ्ठी सोबत असू द्या.

क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला असं वाटलं तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात.

तर ताई, सहा हजार कुठून वाचवायचे?

वाचवा, पण या क्रमानं. आधी पॉलिसीतली शोभेची कलमं काढता येतात का बघा: मोबाइलचं कवच, घरफोडीचं कवच. काही पॉलिसींत तर गोल्फमध्ये एका फटक्यात चेंडू खड्ड्यात गेला तर पैसे मिळायची सोय असते! मग स्वतःचं आणि यजमानांचं कवच थोडं कमी करा. मग मोठं रद्दीकरण कवच सोडा, घर चालणार असेल तर. तरीही जुळत नसेल तर बाल्कनीऐवजी खिडकीची केबिन घ्या. तिथे सहा हजारांहून कितीतरी जास्त वाचतात आणि समुद्र डेकवरून तोच दिसतो.

आई-बाबांचं वैद्यकीय कवच, त्यांना परत आणायची रक्कम, आणि फॉर्मवरचं खरं उत्तर, या तीन गोष्टींना हात लावू नका. महागाई खोलीच्या भाड्यात आहे, तर काटकसरही खोलीतच करू.

तुमच्याकडे क्रूझच्या क्लेमचा अनुभव असेल, मिळालेल्याचा किंवा नाकारलेल्याचा, तर नक्की कळवा. कंपनीचं नाव नको, कलम काय होतं आणि कागद कुठले लागले तेवढं लिहा. पुढच्या भागात ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल. भेटू मग!